इंग्वलनं मागून घेतलेलं कार्ड

त्या फेब्रुवारीत आमच्या टुंगेलविकमध्ये अशी थंडी पडली होती की माझी सावली रस्त्याला चिकटून बसली आणि मला ती फाळानं खरवडून काढावी लागली. डाव्या टाचेचा तुकडा अजून तिथंच आहे, धान्याच्या कोठारासमोर. एकतीस वर्षं मी या जिल्ह्याचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला, त्यामुळं फाळ हाताशी होता म्हणून निभावलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला शंका काढायची आहे त्यानं सावलीवर काढावी. ग्राफिक्स कार्डाची हकीकत मात्र अक्षरन् अक्षर खरी आहे. साक्षीला चर्चचं अख्खं तळघर होतं.

आमचं गाव आणि नऊ मैलांवरचं ओल्सगार्ड यांच्यात दर फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सामना होतो. पूर्वी तो खऱ्या ट्रकांनी व्हायचा. पण एका वर्षी दोन्हीकडच्या लोकांनी ईर्षेनं आपापला बर्फ एकमेकांच्या गावात नेऊन ढकलला, आणि मे महिना उजाडेपर्यंत कुठलं पोस्ट ऑफिस कुणाचं ते कळेना. तेव्हा शेरीफनं बंदी घातली. आता सामना कॉम्प्युटरवर होतो. 'पांढरा घाट' नावाचा गेम आहे. चाळीस मैलांचा डोंगरी रस्ता, वरून बर्फ, आणि तुमच्या हाती फाळ लावलेला ट्रक. जो आधी रस्ता मोकळा करील तो जिंकला. आठवडाभर खरा बर्फ उपसून शनिवारी विरंगुळा म्हणून खोटा बर्फ उपसणारी माणसं तुम्हाला वेडी वाटत असतील. वाटू द्या. आमच्याकडं तेवढाच एक बर्फ आहे जो बटण दाबलं की जातो.

नियम दोनच. प्रत्येक गावानं स्वतःचा कॉम्प्युटर आणायचा, आणि दुपारी एकच्या ठोक्याला ज्याचा कॉम्प्युटर चालू नसेल तो हरला. हरणाऱ्या गावानं आपल्या पाण्याच्या टाकीवर सहा-सहा फुटी अक्षरांत लिहायचं की समोरचं गाव आमच्यापेक्षा भारी, आणि ते वर्षभर ठेवायचं.

आता त्या वर्षीची अडचण ऐका. आदल्या उन्हाळ्यात आमचा इंग्वल स्क्रामस्टाड दोराला लटकून बेचाळीस दिवस आमची टाकी रंगवत होता. त्यानं टाकीभर एक मासा काढला. अकराशे बेचाळीस खवले, प्रत्येक वेगळा. नुसत्या डोळ्याला चार दिवस. तो डोळा असा जिवंत उतरला की पोस्टमन खालून जाताना टोपी काढायचा, आणि बगळे आठ-आठ दिवस टाकीभोवती घिरट्या घालून उपाशीपोटी परत जायचे. सात जिल्ह्यांत टाकी रंगवणारा माणूस एकच, तो इंग्वल. म्हणजे टुंगेलविक हरलं तर त्याच माणसानं, त्याच दोराला लटकून, स्वतःच्या माशावर 'ओल्सगार्ड आमच्यापेक्षा भारी' असं लिहायचं.

इंग्वल या गोष्टीबद्दल एकदाच बोलला होता. ख्रिसमसला. म्हणाला, "तसं झालं तर बरं वाटणार नाही." आमच्याकडं हे म्हणजे छाती पिटून रडणं समजतात.

गावातर्फे खेळणार होती त्याची बायको आल्व्हिना. वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षं ती दातांच्या डॉक्टरकडं मदतनीस होती, त्यामुळं हात असा स्थिर की भूकंपात सुईत दोरा ओवेल. ओल्सगार्डकडून गुद्रुन नावाची बाई, शाळेची बस चालवणारी. दोघींची शाळेपासूनची मैत्री, म्हणून दोघी एकमेकींना हरवायला जिवावर उदार.

त्या शनिवारी सकाळी नऊला आम्ही तळघरात जमलो. एका भिंतीला ओल्सगार्डचं टेबल, दुसऱ्या भिंतीला आमचं, मधे कॉफीचा पिंप. आमचा कॉम्प्युटर गोधडीत होता.

गोधडीचं असं आहे, की आमच्याकडं यंत्र कधी गार पडू देत नाहीत. मोटारीच्या इंजिनाला रात्रभर विजेची तार लावून ठेवतात, ट्रॅक्टरला पांघरूण घालतात, माझ्या ट्रकला तर मी मफलर बांधायचो. तेव्हा गावाचा एवढा किमती कॉम्प्युटर तळघरातल्या गारठ्यात उघडा कसा ठेवणार? चर्चच्या गोधडी मंडळातल्या अकरा बायकांनी दोन महिने खपून त्याच्या मापाची गोधडी शिवली होती. आत बदकाच्या पिसांचे दोन थर, बाहेर निळ्या-पांढऱ्या चांदण्या, आणि बटण दाबायला एक छोटी खिडकी. मंडळाची प्रमुख मर्टल टोफ्ते. स्वयंपाकघराचीही प्रमुख तीच. तिनं जानेवारीत आपल्या हातानं ती गोधडी कॉम्प्युटरला घातली आणि गळ्याशी फीत बांधली. तेव्हापासून ती कुणी सोडली नव्हती.

आल्व्हिनानं सरावाला गेम चालू केला. दोन मैल ट्रक छान गेला. तिसऱ्या मैलाला बर्फ गुलाबी झाला. पाइनची झाडं ताणत ताणत आभाळाला टेकली, आभाळ हिरव्या-जांभळ्या चौकोनांचं झालं, ट्रकची चाकं टपावर जाऊन बसली. एक हरीण रस्ता ओलांडता ओलांडता मधेच निम्मं राहिलं. आणि मग सगळं थांबून पाटी आली: 'व्हिडिओ मेमरी संपली. गेम बंद होत आहे.'

"संपली म्हणे," आल्व्हिना म्हणाली. "काल तर होती."

"किती होती?" इंग्वलनं विचारलं.

"पुरेशी होती."

ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. स्क्रीनवरचं प्रत्येक झाड, दगड, बर्फाचा कण ते तिथं मांडून ठेवतं. जागा संपली, किंवा त्या मेमरीचा एखादा कोपरा नासला, की चित्रही नासतं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं आणि आता मरेपर्यंत विसरायची सोय नाही.

आम्ही रीतसर सुरुवात केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गुलाबी बर्फ. दुसरे सगळे प्रोग्रॅम बंद केले. गुलाबी बर्फ. मग आल्व्हिनानं चित्राचा दर्जा उतरवायला घेतला. आधी सावल्या काढल्या, मग धुकं, मग पडता बर्फ, मग झाडांची पानं. शेवटी ट्रक साबणाच्या वडीसारखा दिसायला लागला आणि डोंगर पाव कापून ठेवल्यासारखे. आता याला मेमरी लागून लागून लागणार ती किती! तरी सहाव्या मैलाला पाटी आलीच.

"कार्डाचा जुना ड्रायव्हर पुसून नवा घालावा असं इथं लिहिलंय," आल्व्हिना फोनवर वाचत म्हणाली. हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाला शिस्त लावणारा प्रोग्रॅम. तो चर्चच्या इंटरनेटवरून उतरवायला सव्वा तास लागला. पाद्रीबाबांना वरच्या मजल्यावर हालचाल करू नका म्हणून सांगितलं होतं, न जाणो, अडथळा यायचा. बिचारे एका पायावर उभे राहिले. नवा ड्रायव्हर घातला. बर्फ आता गुलाबीऐवजी नारिंगी झाला.

"फरक आहे," इंग्वल आशेनं म्हणाला.

मग कार्ड काढलं. गोधडीच्या खिडकीतून हात घालून, गाईचं वासरू ओढावं तसं. त्याची सोनेरी दातरी खोडरबरानं पुसली आणि पुन्हा घट्ट बसवलं. कार्ड ओढताना इंग्वलचा अंगठा भाजला. त्यानं तो शांतपणे कॉफीत बुडवला. कॉफी गरम झाली.

शेवटी मेमरी तपासणारा एक प्रोग्रॅम लावला. तो चुका मोजतो. पहिल्या मिनिटाला तीन. दुसऱ्याला नऊ हजार. पाचव्या मिनिटाला आकडा स्क्रीनच्या कडेला धडकला आणि पुढचे अंक बाहेर टेबलावर सांडायला लागले. मीच ते केरसुणीनं गोळा केले. आणि खाली कोपऱ्यात लहान अक्षरात मेमरीचं तापमान: एकशे बारा अंश. ही यंत्रं सेल्सियसमध्ये बोलतात. पाणी शंभराला उकळतं.

सगळ्यांनी आधी आकड्याकडं पाहिलं, मग गोधडीकडं. मग सगळ्यांनी छताकडं पाहिलं.

कारण आमच्या मागंच गोधडी मंडळ उभं होतं. अकराच्या अकरा. हातात कॉफी, चेहऱ्यावर कौतुक. दोन महिन्यांचं काम. आता तुम्हीच सांगा, तोंड कुणी उघडायचं? मी म्हातारा, निर्लज्ज, म्हणून माझ्याकडं नजरा वळल्या. मी घसा खाकरला.

"मर्टल, गोधडी फार ऊबदार आहे हं."

"आहेच मुळी," मर्टल खुलली. "दोन थर पिसं आहेत आत. हवेचा कण जायचा नाही."

"ते दिसतंयच."

"तिसरा थर घालणार होतो, पण बदकं संपली."

"असू दे. आहे तेवढं पुष्कळ आहे."

यापुढं जाणं मला शक्य नव्हतं. मला त्या गावात राहायचं होतं.

आल्व्हिना मुकाट्यानं फोनवर वाचत राहिली. "इथं एकानं लिहिलंय," ती म्हणाली, "की कार्ड ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजायचं. आतले सुटलेले धातूचे टाके वितळून पुन्हा जुळतात."

"ज्याला उष्णता बाधली आहे त्याला ओव्हनमध्ये घालायचं?" मी विचारलं.

"मग तुला दुसरं काही सुचतंय का?" आल्व्हिनानं माझ्याकडं रोखून पाहिलं, आणि तिच्या मागून अकरा जणींनीही. मला दुसरं काही सुचलं नाही. गोधडी काढा म्हणण्यापेक्षा कार्ड भाजणं सभ्यपणाचं होतं.

मर्टलच्या ओव्हनमध्ये जेवणाचं हॉटडिश शिजत होतं, बटाटे आणि खिमा, चार मोठी ताटं. पाचव्या ताटात कार्ड ठेवलं, खाली चांदीच्या कागदाचे गोळे. दहा मिनिटांनी मर्टलनं ताटं बाहेर काढली. आता बाईच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. ओव्हनमधून ताट आलं की हात आपोआप किसलेल्या चीजकडं जातो. पाचही ताटांवर पडलं.

इंग्वल धावत पोचेपर्यंत रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याला कार्डाचा कोपरा वाढून झाला होता. तो चावत होता. चावून झाल्यावर थोडा वेळ विचार करून म्हणाला, "वेगळं आहे." आमच्याकडं यापेक्षा वाईट शेरा नाही. पण त्यानं संपवलं.

उरलेलं कार्ड खरवडून पुन्हा बसवलं. आणि चाललं की! चार मिनिटं चाललं. बर्फ पांढरा, आभाळ निळं, हरीण पूर्ण. सगळं तळघर टाळ्या वाजवणार एवढ्यात गोधडीच्या खिडकीतून खमंग वास आला, आतून 'चर्र' झालं, आणि स्क्रीन काळी पडली. या खेपेला पाटीसुद्धा आली नाही.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. इंग्वल खुर्चीवर बसला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून टाकी दिसते, माशाचं शेपूट आणि खालचे दोनतीनशे खवले. तो ते मनाशी मोजायला लागला. ओठ हलत होते.

त्याच वेळी ओल्सगार्डच्या टेबलाकडून गुद्रुनचा जावई आला. त्याचं नाव ड्वेन, टेक्सासचा. मोठी टोपी, त्याहून मोठा आवाज, आणि मनानं अगदी साधा. आदल्याच शरदात लग्न करून इकडं राहायला आलेला. टेक्सासची माणसं सगळं दोन-दोन आणतात. त्यानंही जास्तीचं एक ग्राफिक्स कार्ड आणलं होतं, कोटाच्या खिशात.

"साहेब," ड्वेन इंग्वलला म्हणाला, "तुमचं कार्ड गेलेलं दिसतंय. माझ्याकडं एक जास्तीचं आहे. जुनं आहे, मेमरी कमी आहे त्यात, पण चालेल. लावता का?"

सगळ्या तळघरानं श्वास सोडला. वाचलो! इंग्वलच्या चेहऱ्यावर रंग आला. तो हसून म्हणाला, "नको, नको. कशाला उगाच."

"बरं," ड्वेन म्हणाला, कार्ड खिशात टाकलं आणि निघून गेला.

आमच्याकडं कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणतात. दुसऱ्यांदा 'नको, तुम्हाला त्रास.' तिसऱ्यांदा समोरच्यानं 'अहो, घ्या हो, इथं पडूनच आहे' म्हटलं, की मग 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.' हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. माझं लग्न असंच जमलं. मागणी घातल्यापासून होकार मिळेपर्यंत एक अख्खा हिवाळा गेला, कारण तिसऱ्यांदा विचारायला निघालो तेव्हा रस्ता बंद होता आणि तो मोकळा करणारा मीच होतो. तर अशा गावात एक माणूस पहिल्याच 'नको'ला निघून गेला. आम्ही त्याच्या पाठीकडं बघतच राहिलो.

"गेला," मर्टल पुटपुटली.

"येईल परत," मी म्हणालो. "दोनदा यायचं बाकी आहे त्याचं."

पाच मिनिटं वाट पाहिली. ड्वेन आपल्या टेबलाशी बसून लिंबाच्या वड्या खात होता. शेवटची वडीसुद्धा त्यानं एकट्यानं खाल्ली, आमच्या रीतीनं निम्मी ताटात न ठेवता. तेव्हा माझी आशा सुटली.

गुद्रुनच्या लक्षात सगळं आलं होतं. समोरच्याचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून जिंकायचं ही तिच्या दृष्टीनं शरमेची गोष्ट. पण चारचौघांत जावयाला चूक दाखवणं ही त्याहून मोठी शरमेची. तिनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली.

"आई गं!" ड्वेन ओरडला. "सासूबाई, तुमचा पाय लागला. माफ करा हं, मीच मधे पाय ठेवला."

मग आम्ही त्याला सुचवायला निघालो. आधी मी गेलो. "ड्वेन, खिसा जड झाला असेल नाही? चांगलं दोन पौंडांचं कार्ड."

"छे हो, साहेब! जाणवतसुद्धा नाही."

मग मर्टल कॉफी घेऊन गेली. "ड्वेन, बाळा, खिशात ठेवलेली वस्तू खराब होते म्हणतात. लोकर लागते."

"खरंच की, बाईसाहेब," ड्वेन म्हणाला, आणि कार्ड काढून त्यानं मोठ्या काळजीनं डब्यात ठेवलं. डब्याला झाकण लावलं. त्याला चिकटपट्टी लावली.

मर्टल परत आली. "मी आणखी बिघडवलं का?"

"थोडंसं," आल्व्हिना म्हणाली.

बारा वाजून चाळीस मिनिटं.

इंग्वल उठला. स्वेटर खाली ओढला. चाळीस पावलांचं ते तळघर त्यानं असं पार केलं की जणू एप्रिलमधल्या तळ्यावरून चालतोय, बर्फ कधी फुटेल नेम नाही. ड्वेनसमोर उभा राहिला.

"थंडी आहे," इंग्वल म्हणाला.

"आहे ना, साहेब."

"रस्ता कसा होता?"

"ठीक होता."

"कार्ड..." इंग्वलनं स्वेटर पुन्हा खाली ओढला. "म्हणजे तुझ्याकडं ते जे... तुला लागणार नसेल... म्हणजे लागणार असेल तर राहू दे, पण नसेलच लागणार..." तो थांबला. मान वळवून त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, शेपटाकडं. आणि मग टुंगेलविकच्या इतिहासात कुणी बोललं नव्हतं ते वाक्य बोलला.

"मला ते कार्ड पाहिजे. दे."

कुणाच्या तरी हातून चमचा पडला. पाद्रीबाबा खाली आले होते, ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मागच्या बाकावर एका बाईनं आपल्या नवऱ्याचे कान झाकले.

"घ्या की!" ड्वेननं डबा पुढं केला. "मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," इंग्वल म्हणाला. "'नको' म्हणालो नव्हतो का?"

माझ्या माहितीप्रमाणं ड्वेन अजून त्या वाक्याचा विचार करतोय.

आता पुढं झालं असं, की इंग्वल परत आला तो दुसराच माणूस होऊन. ब्याऐंशी वर्षं तुंबलेलं धरण फुटलं होतं. कॉम्प्युटरपाशी येऊन त्यानं मोठ्यानं सांगितलं, "मर्टल, गोधडी काढ. तिच्यामुळंच कार्ड जळलं. गोधडी सुंदर आहे, पण कॉम्प्युटर म्हणजे म्हैस नाही."

मर्टल पुढं आली आणि तिनं फीत सोडली. आतून जी वाफ निघाली तिनं खिडक्यांवरचा महिन्याचा बर्फ वितळला आणि तळघरातल्या तीन बाप्यांचे चष्मे धुरकटले. "मलाही वाटतच होतं," मर्टल हळूच म्हणाली. "पण बाकीच्या दहा जणींना वाईट वाटलं असतं." बाकीच्या दहा जणी एका सुरात म्हणाल्या की त्यांनाही वाटत होतं, पण मर्टलला वाईट वाटलं असतं.

"आणि तुझी कॉफी पातळ आहे," इंग्वल चालूच होता. "कपाच्या तळावरचं छापील नाव वाचता येतं. आणि तू," तो माझ्याकडं वळला, "तुझ्या सावलीची टाच कुठंही चिकटलेली नाही. मी जाऊन पाहून आलो."

"इंग्वल, पुरे," आल्व्हिना म्हणाली. "कार्ड बसव."

बारा वाजून पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा कार्ड बसलं. विजेची तार लागली. मी खिडकी उघडून कॉम्प्युटर कट्ट्यावर सरकवला. बाहेर उणे पस्तीस. तापमानाचा आकडा पाहता पाहता एकेचाळीसवर आला. एकच्या ठोक्याला स्क्रीन उजळली. बर्फ पांढरा.

पण ड्वेननं सांगितल्याप्रमाणं कार्डात मेमरी कमी. दर्जा वाढवायची सोय नव्हती. आल्व्हिनाला सकाळी उतरवलेल्या त्याच चित्रावर खेळावं लागलं: साबणाच्या वडीसारखा ट्रक, पावाचे डोंगर, धुकं नाही, पडता बर्फ नाही, काही नाही. गुद्रुनच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं वरच्या दर्जाचं. प्रत्येक बर्फकणाला सहा पाकळ्या, धुकं असं दाट की ओल्सगार्डच्या टेबलावरची माणसं कोट चढवायला लागली.

वीस मैलांपर्यंत गुद्रुन पुढं होती. तीस मैलांनाही. मग घाटमाथा आला आणि गेममध्ये वादळ सुटलं. गुद्रुनला समोर पांढऱ्या पडद्यापलीकडं काही दिसेना. ती डोळे बारीक करून स्क्रीनमध्ये शिरायला लागली. तिच्या भुवईवर मी स्वतः बर्फ पाहिला. इकडं आल्व्हिनाच्या कार्डाला वादळ दाखवायला मेमरीच नव्हती. तिला पावाचे काप स्वच्छ दिसत होते आणि त्यांच्यामधून जाणारा रस्ताही. दाताच्या मुळातून हात फिरावा तशी ती वळणं घेत गेली. सदतिसाव्या मैलाला गुद्रुनचा ट्रक खड्ड्यात गेला. आल्व्हिना नऊ सेकंदांनी जिंकली.

ओरडाआरडा आमच्याकडं करत नाहीत. दोघातिघांनी मान हलवली. इंग्वल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाठमोरा होता. आल्व्हिना त्याच्याशेजारी गेली आणि तिनं त्याचा भाजलेला अंगठा हातात घेऊन तपासला.

"बरं झालं," इंग्वल म्हणाला.

"वाईट नाही झालं," आल्व्हिना म्हणाली.

आता ओल्सगार्डची टाकी रंगवायची होती, आणि सात जिल्ह्यांत रंगवणारा एकच. जूनमध्ये इंग्वल दोराला लटकला. अंगातलं धरणाचं पाणी तोवर ओसरलं होतं. खरं म्हणजे सामन्यानंतरच्या मंगळवारपर्यंतच ओसरलं होतं, बुधवारी त्यानं मर्टलकडं जाऊन तीच पातळ कॉफी माफीदाखल दोन कप संपवली. पहिल्या दिवशी त्यानं सहा फुटी अक्षरांत लिहिलं: 'टुंगेलविक आमच्यापेक्षा भारी'. गुद्रुन खाली उभी होती, थर्मास आणि वड्या घेऊन.

"छान दिसतंय हं, इंग्वल," ती वर बघून म्हणाली. "अगदी हमरस्त्यावरून वाचता येतंय."

इंग्वलच्या काळजात चर्र झालं. तो खाली उतरलाच नाही. त्यानं 'भारी'पुढं एक स्वल्पविराम दिला आणि जरा बारीक अक्षरात लिहिलं: 'निदान त्या शनिवारी'. मग त्याच्या खाली: 'तसं धुकं फार होतं'. मग, 'गुद्रुन तीस मैल पुढं होती'. मग, 'कार्ड त्यांच्याच जावयाचं'. अक्षरं लहान होत गेली, ओळ टाकीला वळसे घालत खाली उतरली, तिथून एका खांबावर आली. एकोणीस दिवस तो लिहीत होता. ओल्सगार्डच्या लोकांनी त्याला थांबवायला हवं होतं, पण पाहुण्याला तोंडावर कसं सांगणार?

आता ती टाकी वाचायची तर गाडी घेऊन तिच्याभोवती सात फेऱ्या माराव्या लागतात. ड्वेन पाहुण्यांना घेऊन जातो. चौथ्या फेरीला टेक्सासच्या लोकांना मळमळतं. सातव्या फेरीनंतर गाडीतून उतरावं लागतं, कारण शेवटचे शब्द खांबाच्या पायथ्याशी आहेत, गवतात, घोट्याएवढ्या उंचीवर. गुडघे टेकून बसलं आणि गवत बाजूला केलं की नीट वाचता येतात.

'बाकी सगळं ठीक.'